रॅकला दिलेलं नाव

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटायची नाही त्याने इथूनच माघारी जावं, मी कोणाच्या पाया पडायला बसलेलो नाही.

धर्मेंद्र माझा सख्खा मावसभाऊ. हे त्याच्या घरात घडलं आहे आणि अजून घडतंच आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्येची रात्र लागते. इथं रात्र नाही. भर दुपार होती, गेल्या हिवाळ्यातली. धानाची मळणी चालू होती. मोहाडी गावाबाहेर रस्ताभर तणसाचा धुरळा उडत होता.

आणि धर्मेंद्र ज्या खोलीत उभा होता त्या खोलीला खिडकीच नव्हती.

मोहाडीच्या थोडं पुढे एका खाजगी कंपनीची पांढरी इमारत आहे. बाहेरून गोदाम वाटतं. आत रॅकच्या रांगा. रॅक म्हणजे माणसापेक्षा हातभर उंच लोखंडी कपाट. पुढे जाळीचं दार. आत एकावर एक सर्व्हर सरकवलेले, मागे वायरींचे झुबके. चोवीस तास पंख्यांचा आवाज आणि थंडगार हवा. धर्मेंद्र तिथला टेक्निशियन. त्याचा साहेब मनिष नागपूरला बसतो आणि तिथून पडद्यावर सगळं बघतो.

आता ऐका, ती इमारत कशावर उभी आहे.

बोडीवर.

बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. धर्मेंद्रचे वडील तुलाराम, आम्ही त्यांना बाबाजी म्हणतो, त्यांचा सगळा जन्म त्या बोडीत जाळं टाकण्यात गेला. घरच मासे धरणाऱ्यांचं. पुढे कोणीतरी जमीन घेतली, मुरूम टाकून बोडी बुजवली, वर फरशी केली, आणि त्याच जागेवर मुलगा बूट घालून नोकरीला जाऊ लागला. म्हाताऱ्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही. पोटाला मिळतं ना, बस.

पण त्या घराचा एक नेम आहे. माणूस पाण्यात असला की त्याला नावानं हाक मारायची नाही. "हो गड्या" म्हणा, शीळ घाला, काठी आपटा. नाव मात्र घ्यायचं नाही. पाणी नाव शिकतं, म्हणतात. आणि एकदा शिकलं की ते स्वतः हाक मारायला लागतं.

धर्मेंद्रला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण इमारतीत पाणी कुठं होतं? फरशीखालीसुद्धा कोरडी पोकळी, वायरी ओढायला ठेवलेली. पाण्याचा थेंब पडला तर भोंगा वाजेल अशी सोय.

मग घोळ झाला तो असा. रॅकना नुसते आकडे होते. एका पोराने आकड्यात गफलत केली आणि भलत्याच रॅकची वायर उपटली. मनिष साहेब खवळला. म्हणाला, आकडे बंद, नावं द्या, म्हणजे चुकणार नाही. धर्मेंद्रने बहुतेकांना नद्यांची नावं दिली.

आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात नव्या, चकचकीत रॅकला दिलं लेकीचं नाव.

खुशबू.

पोरगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. बापाचा जीव की प्राण. संध्याकाळी घरी येऊन त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं. बायको ज्योत्सना खूश झाली. खुशबूने तर उड्याच मारल्या.

बाबाजी जाळं विणत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"बोडीवर लेकीचं नाव घेतलं?"

"बाबा, आता कोठची बोडी? फरशी हाये तेथं."

"फरशी वरून हाये. खाली काय हाये?"

धर्मेंद्र हसला. अहो, कोण नाही हसणार?

त्यानंतर काही दिवस गेले. खुशबू जेवायला बसली होती. घास तोंडाजवळ नेला… आणि थांबली.

मान जराशी वळवली. कोणीतरी बोलावलं की वळवतात तशी.

"आहे," म्हणाली.

ज्योत्सनाने विचारलं, "कोणासंग बोलते वं?"

खुशबूने घास तोंडात टाकला. थोड्या वेळाने पुन्हा…

"आहे."

शाळेत हजेरी घेतात ना, तोच खेळ करत असेल, असं सगळ्यांना वाटलं. लेकरं नवीन काही शिकली की दिवसभर तेच करतात.

पण ती झोपेतही म्हणायला लागली. डोळे मिटलेले. ओठ तेवढे हलायचे.

आहे… आहे… आहे…

मग तिचे केस ओले लागायला लागले. न्हाऊ घातलं नाही तरी ओले. ज्योत्सनाने नाक लावलं.

गाळाचा वास. तलाव आटल्यावर येतो तो.

पोरगी वाळत चालली. भात तोंडात तसाच धरून बसायची. डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं, सगळं ठीक. सगळं ठीक असलेलं लेकरू डोळ्यांदेखत झिजताना बघणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळतं.

आता त्या दुपारी येतो.

थंड हवेच्या मशीनचं काम निघालं होतं. एका कोपऱ्याची हवा बंद. तिथला तो 'खुशबू' रॅक तापायला लागला. धर्मेंद्र समोर उभा होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ज्योत्सना.

"अहो, पोरगी तव्यासारखी तापली. आत्ता बरी व्हती, एकाएकी…"

धर्मेंद्रने जाळीच्या दाराला हात लावला. हात भाजला.

 मशीनवाल्याला बाजूला सारून त्याने हवा चालू केली. फोन कानालाच. दार थंड होत गेलं. तिकडे ज्योत्सना म्हणाली, "उतरला वाटते. घाम येऊन राहिला तिले."

माणसाने इथेच समजावं. पण माणसाला खात्री हवी असते ना! त्याने फोन चालूच ठेवला आणि रॅकच्या मागे गेला. बाहेर नागपूरशी जोडणारी वायर धरली.

उपटली.

फोनमध्ये आधी काहीच नाही.

मग ज्योत्सनाची किंकाळी.

"श्वास घेईना हो! खुशबू… खुशबू!"

वायर भोकात जाईना. एकदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. ओठ दाताखाली धरून त्याने ती कशीबशी बसवली. टप… हिरवा दिवा लागला.

फोनमधून खोल, लांब श्वास ऐकू आला. पाण्यातून डोकं वर काढल्यावर घेतात तसा.

आणि मग लेकीचा आवाज.

"आहे."

 पंख्यांच्या घरघरीत धर्मेंद्रला फरशीखालून एक आवाज आला. त्याने पाटी उचलून बघितली. फरशीच्या या पाट्या उचलता येतात. खाली धूळ, वायरी, सगळं ठणठणीत कोरडं.

आणि तरी ऐकू येत होतं…

डुबुक.

डुबुक.

आता त्याला कळलं. नागपूरचा कॉम्प्युटर दर मिनिटाला एकेका रॅकला नावानं विचारतो, आहेस का? रॅककडून उत्तर गेलं की पडद्यावर हिरवा ठिपका. दिवसा, रात्री, सणावाराला, कधीच न थांबता. दुसरा कोणी चुकून एकदा नाव घेतो. या बापाने बुजवलेल्या बोडीवर लेकीचं नाव घ्यायला यंत्रच बसवलं होतं.

घरी येऊन त्याने बाबाजींचे पाय धरले.

"बाबा, काहीतरी सांगा. नाव काढून टाकलं तं?"

"काढून जमत नाई. शिकलं ते शिकलं." बाबाजी खाली मान घालून बोलत होते. "तुले मंगरूचं मालूम हाये ना?"

मंगरू बाबाजींचा मोठा भाऊ. लहानपणीच बोडीत गेला, एवढंच धर्मेंद्रला ठाऊक होतं.

"त्याच्या आधी बोडीनं चुलतभावाले धरलं व्हतं, केवळरामले. असाच वाळत व्हता तो. तेवढ्यात मंगरू पाण्यात उतरला, अन् माझ्या आईनं घाईघाईत त्याले नावानं हाक मारली. त्याच सांजेले केवळराम उठून जेवला. अन् मंगरू…"

बाबाजींनी जाळं मांडीवर ओढून घेतलं.

"दुसरं नाव भेटलं तरच पहिलं सोडते ते. माणसाचंच लागते. अन् आपल्याच माणसाचं लागते. परकं चालत नाई."

एवढं बोलून म्हातारा पुन्हा जाळं विणायला बसला. वर बघितलंच नाही. मला विचाराल तर त्यांना पुढचं दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्र कॉम्प्युटरसमोर बसला. नाव बदलायची चौकट उघडली. आधी चौकट कोरी ठेवून बघितली. घेईना. मग 'वैनगंगा' लिहिलं आणि घरी फोन केला. मागून ऐकू आलं… आहे.

मग त्याने काय लिहिलं, सांगू?

मनिष.

हो. ज्याच्याशी रोज फोनवर हसून बोलतो, ज्याच्या घरी तान्हं लेकरू आहे, त्या साहेबाचं नाव. वाट बघितली. काही फरक नाही. परकं चालत नाही, म्हातारा म्हणाला होता. तरी याने करून बघितलंच.

राहिलं कोण? ज्योत्सना. ती गेली तर पोरगी आईविना.

तो स्वतः.

स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर त्याने दाबलं. बोट तिथेच अडलं. माझ्यामागे यांना कोण बघेल, असं त्याने मनाला सांगितलं. खरं कारण मी सांगतो. भ्याला. आणि त्याला हसू नका. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात.

पुसलं ते अक्षर.

म्हातारा झालाच आहे, आज ना उद्या… असं म्हणत त्याने लिहिलं.

तुलाराम.

विचारलं नाही. सांगितलंही नाही. बटण दाबलं.

संध्याकाळी घरात शिरला तर खुशबू पाटावर बसून जेवत होती. दोनदा भात मागून घेतला. केस कोरडे. ज्योत्सना पदराने डोळे पुसत हसत होती.

ओसरीवर बाबाजी बसले होते. जाळं मांडीवर. धर्मेंद्रला बघून त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आहे."

बाबाजींनी जाळं खाली ठेवलं.

"माझं टाकलं का रे?"

धर्मेंद्रची मान खाली.

"बरं केलं," म्हातारा म्हणाला. "पोट्टी वाचली. माझं काय, पिकलं पान." मग आवाज जरा बारीक झाला. "पण लवकर होईल ना रे?"

"होईल बाबा."

कपाळ माझं! लवकर कसं होईल? अहो, ती वस्तू बंद पडू नये म्हणूनच बनवलेली असते! एक लाईन गेली तर दुसरी. दुसरी गेली तर बॅटरी. बॅटरी उतरायच्या आत जनरेटर. एक पंखा मेला तर बाजूचा जोरात फिरतो. अख्ख्या मोहाडीत अंधार होतो, पण त्या कोपऱ्यातला हिरवा दिवा जात नाही. आणि धर्मेंद्रला पगार कशाचा मिळतो? तो जाऊ नये याचाच.

बाबाजी जेवेनासे झाले. झोपेनासे झाले. अंगावर कातडं आणि हाडं तेवढी राहिली, अंथरूण कायम ओलं, गाळाचा वास गल्लीपर्यंत. डॉक्टरने नाडी बघितली आणि धर्मेंद्रला बाहेर घेऊन विचारलं, "हे जगून कसे राहिले?"

आणि दर मिनिटाला…

आहे.

आहे.

खुशबूला त्यात गंमत वाटायची. ती शाळेतली बाई बनून पाटी घेऊन समोर बसायची. "बाबाजी, आहे का?" म्हातारा म्हणायचा, आहे. ती टाळ्या पिटायची. ज्योत्सनाने एकदा तिला पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली.

दोन 'आहे'च्या मध्ये जो वेळ मिळायचा, त्यात बाबाजी एकच मागणं मागायचे.

"बंद कर रे बापा मले."

"उद्या करतो, बाबा."

"आज कर ना."

"उद्या, बाबा. उद्या पक्कं."

का नाही करत होता? कारण त्याला भीती होती. बोडीला खुशबूचं नाव अजून पाठ असेल तर? म्हातारा सुटला आणि ते पुन्हा तिच्याकडे वळलं तर? कोण सांगणार? सांगणाऱ्याच्या तोंडात तर 'आहे' आणि 'बंद कर' एवढंच उरलं होतं.

शेवटी एके दिवशी, धर्मेंद्र घरी जेवायला आलेला असताना, ते आपोआप झालं.

बाबाजींचं "आहे" आलं नाही.

ज्योत्सनाचा हात वरणाच्या पातेल्यात तसाच राहिला. मिनिट गेलं. दुसरंही गेलं. कित्येक महिन्यांनी त्या घरात खरी शांतता झाली. शेजारची कोंबडी ओरडली तेवढाच आवाज.

म्हातारा हळूच आडवा झाला. आखडलेले खांदे सैल पडले. कपाळावरच्या आठ्या गेल्या. इतकं सुख त्या चेहऱ्यावर कोणी कधी बघितलं नव्हतं. ज्योत्सनाने पळत जाऊन सासऱ्याच्या तोंडात पाणी घातलं.

"सुटले हो मामाजी…" ती हुंदका देत म्हणाली. "सुटले एकदाचे."

धर्मेंद्रचा फोन वाजला. मनिष.

"अरे, तुलाराम डाऊन दाखवतोय! स्विच जळला वाटतं. पळ लवकर!"

धर्मेंद्रने फोन कापला. बापाचा हात हातात घेतला. राहू द्यावं का म्हाताऱ्याला असंच? त्याने तेच ठरवलं होतं, देवाची शपथ घेऊन तो मला सांगतो. ठरवलं होतं.

तेवढ्यात अंगणातून खुशबू आत आली. चपलाही काढल्या नाहीत.

"पप्पा, मले थंडी वाजते."

तिचे केस…

कपाळावर ओघळ आला होता.

तिने मान जराशी वळवली. ओठ उघडले. "आ…"

धर्मेंद्रने मोटारसायकल कशी काढली, कशी पळवली, त्याला आठवत नाही. जळलेला स्विच, रॅकच्या वायरी जोडायची पेटी, ओढून काढला, नवा सरकवला, वायरी खोचल्या. हातातून रक्त येत होतं. फरशीखालून इतक्या जोरात डुबुक डुबुक ऐकू येत होतं की पंखे ऐकू येईनात.

टप.

हिरवा दिवा.

आवाज थांबला.

लगेच ज्योत्सनाचा फोन. ती बोलत नव्हती, नुसती रडत होती.

"खुशबू?" याने विचारलं.

"बरी हाये. खेळून राहिली."

"मग रडते कायले?"

"तुमी कायले चालू केलं हो?" ज्योत्सना म्हणाली. "मामाजी उठून बसले. मेलेले होते हो ते, मी तुळस ठेवली व्हती तोंडात. ते थुंकून उठून बसले… अन् लेकरासारखे रडून राहिले."

आणि तिच्या मागून, हुंदक्यात, म्हाताऱ्याचा आवाज आला.

"आहे."

धर्मेंद्र त्यानंतर घरी फार जात नाही. त्या रॅकजवळच खुर्ची टाकून बसतो. बापाला मुलगा हवा तेव्हा मुलगा त्याला चालू ठेवण्यात गुंतलेला. मनिष साहेबाने म्हणे त्याच्या कामाचं फार कौतुक केलं.

असं का झालं, खाली काय आहे, मला विचारू नका. मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही.

मी हे लिहिणारच नव्हतो. पण परवा दुपारी धर्मेंद्रचा फोन आला. आवाज अगदी गोड. माझी तब्येत विचारली, पोराबाळांचं विचारलं. बाबाजींचे हाल बघवत नाहीत म्हणाला, त्यांना सोडवायचं आहे. मी म्हटलं, सोडव बाबा, पुण्य लागेल.  मागे पंख्यांची घरघर येत होती. तो तिथूनच बोलत होता.

"दादा," म्हणाला, "काही झालं तरी तू आपलाच माणूस हायेस ना रे?"

सख्खा मावसभाऊ विचारतो. माझ्या तोंडून निघून गेलं.

"आहे."

त्याने फोन ठेवला. आज सकाळपासून, न्हालो नाही तरी, मी दोनदा डोकं पुसलं आहे.